पास्क, वल्हांडण आणि इगर्ज

(बायबलातल्या शब्दांवरची चर्चा; बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून.)

फोंडा : गोव्यात ईस्टरला ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात. मराठी बायबलात निर्गम या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात ‘वल्हांडण सण’ येतो, म्हणजे मिसर देशातून (इजिप्तमधून) सुटका झाल्याचा यहुद्यांचा सण. या दोन शब्दांचं मूळ एकच का? आणि वल्हांडण म्हणजे नुसतं ओलांडणं, की त्यात आणखी काही आहे?

मडगाव : मूळ एकच. हिब्रू ‘पेसाख’, अरामी ‘पसखा’, ग्रीक ‘पास्खा’, पुढे लॅटिन, मग पोर्तुगीज ‘पाश्कुआ’, आणि तिथून कोंकणीतला पास्क. म्हणजे पास्क हा जिभेवरून जिभेवर आलेला शब्द आहे, तर वल्हांडण हा अर्थ पाहून मराठीत घडवलेला, ओलांडणे-वलांडणे याच घरातला. ‘ईस्टर’ या शब्दाचा या कुळाशी काही संबंध नाही. आठव्या शतकातला इंग्लंडचा मठवासी बीड तो शब्द एओस्त्रे नावाच्या देवीच्या महिन्याशी जोडतो.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. निर्गम १२ मध्ये ‘पासाख’ हे क्रियापद तीनदा येतं : ओव्या १३, २३ आणि २७. पण १२व्या ओवीत परमेश्वर मिसर देशातून ‘फिरेन’ म्हणतो, तिथे क्रियापद वेगळं आहे : ‘आवर’, म्हणजे पार जाणं. २३व्या ओवीत तर दोन्ही एकत्र आहेत. मिसऱ्यांना मारायला तो ‘आवर’ करतो. इस्राएली घराच्या चौकटीवर कोकराचं रक्त दिसलं की दारावर ‘पासाख’ करतो आणि संहारकाला आत शिरू देत नाही. नुसतं ओलांडून जाणंच सांगायचं असतं तर ‘आवर’ हाताशी होताच.

डिचोली : म्हणजे ‘राखण करणे’ हाच अर्थ धरायचा? मग बायबलातल्याच राजे-१ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायाचं काय करणार? तिथे २१व्या ओवीत संदेष्टा एलीया लोकांना दोन मतांमध्ये ‘लंगडत’ राहण्याबद्दल खडसावतो आणि २६व्या ओवीत बआल या परक्या देवाचे संदेष्टे वेदीभोवती लंगडत नाचतात. ‘पासाख’चीच हिब्रू अक्षरं : पे, सामेख, खेत. लंगड्या माणसाला ‘पिस्सेआख’ म्हणतात, तोही त्याच अक्षरांचा. इथे उडी, झोक, लंगडणं असाच अर्थ लागतो.

मडगाव : ती नोंद योग्यच आहे. पण यशया या पुस्तकातली ३१:५ ही ओवी त्याच्या शेजारी ठेवा. पक्षी घिरट्या घालतात तसा परमेश्वर यरुशलेमेचं रक्षण करील, असं म्हणताना तेच क्रियापद सोडवणे, वाचवणे यांच्या रांगेत बसलं आहे. मुळात ही एकच धातू (शब्दाचं मूळ रूप) की सारख्या अक्षरांच्या दोन, यावर अभ्यासकांत एकमत नाही. निर्गमाच्या त्या अध्यायापुरतं मात्र राखणीचं पारडं मला जड वाटतं, कारण पुरावा त्याच ओवीत आहे. ‘वल्हांडण’ शब्द बदलावा असं मी म्हणणार नाही, तो पक्का रुळलाय. पण समजावून सांगताना दारावर उभा असलेला राखणदार सांगायला हवा.

पेडणे : शोधायची रीत सांगतो, कारण चूक बहुधा तिथेच होते. देवनागरीतल्या उच्चारावरून धातू जुळवू नये. हिब्रूची तेत आणि ताव ही दोन्ही अक्षरं आपण ‘त’ लिहितो. आयिन हे अक्षर तर लिहिण्यात गळूनच जातं. ‘पेसाख’ आणि ‘पेशा’ (अपराध) यांचं नातं लावलेलं प्रवचनात ऐकू येतं. पेशाची अक्षरं पे, शीन, आयिन आहेत. काही नातं नाही. तसंच शब्बाथ (यहुद्यांचा विसाव्याचा दिवस) ‘सात’ या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून आलेला नाही. शब्बाथच्या शेवटी ताव आहे, अर्थ थांबणं. सातच्या हिब्रू शब्दाच्या शेवटी आयिन.

स्ट्राँग या अभ्यासकाच्या १८९० सालच्या बायबल शब्दसूचीत प्रत्येक हिब्रू शब्दाला क्रमांक आहे. पेसाख ६४५३, त्याचं क्रियापद ६४५२. आधी ओवीतला क्रमांक काढायचा, मग तो क्रमांक जिथे जिथे आहे त्या सगळ्या ओव्या वाचायच्या, आणि धातूकडे सगळ्यात शेवटी जायचं. उलट्या क्रमाने गेलं की जो अर्थ हवा तोच सापडतो.

फोंडा : ‘इगर्ज’, म्हणजे चर्च, या शब्दाचंही असंच काही आहे का? मूळ ग्रीक ‘एक्क्लेसिया’, म्हणजे ‘बाहेर बोलावलेले’, म्हणून जगापासून वेगळे काढलेले लोक, असं सांगतात.

डिचोली : मूळ बरोबर, निष्कर्ष चूक. एक्क्लेसिया, पोर्तुगीज ‘इग्रेजा’, आणि इगर्ज. पण नव्या करारातल्या (बायबलाच्या ख्रिस्ती भागातल्या) प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात इफिसस नगराच्या नाट्यगृहात आरडाओरडा करणाऱ्या जमावालाही ३२व्या आणि ४१व्या ओवीत एक्क्लेसियाच म्हटलंय, आणि ३९व्या ओवीत नगराच्या कायदेशीर सभेलाही. त्या जमावाला जगातून कोणी वेगळं काढलं नव्हतं. त्या काळी शब्दाचा चालू अर्थ ‘जमलेली सभा’ एवढाच. मराठी बायबलातलं ‘मंडळी’ म्हणूनच नेमकं आहे. गोव्यात इगर्ज म्हटलं की इमारत डोळ्यापुढे येते. नव्या करारात मात्र तो शब्द माणसांचा आहे. ‘चर्च’ तर आणखी तिसऱ्याच ग्रीक शब्दावरून आलं, ‘प्रभूचं’ या अर्थाच्या ‘किरियाकोन’वरून.

पेडणे : पास्ककडे परत येऊन एक सावधगिरी. नव्या करारात ‘पास्खा’ कधी सण असतो, कधी कोकरू, कधी जेवण. मार्क १४:१२ मध्ये एकाच ओवीत तो मारायचाही आहे आणि खायचाही. लूक २२:१ मध्ये तो सण आहे. दुसऱ्या शतकातला सार्दिसचा ख्रिस्ती लेखक मेलितो तर ‘पास्खा’ ग्रीक ‘पास्खेइन’, म्हणजे सोसणे, यावरून आला असं सांगतो. व्युत्पत्ती म्हणून ती चूक, पण ग्रीक बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी त्या शब्दात काय ऐकलं हे त्यातून कळतं. मराठीत लिहिताना जुन्या करारातल्या आणि येशूच्या काळच्या यहुदी सणाला वल्हांडण, नंतरच्या ख्रिस्ती सणाला पास्क किंवा ईस्टर लिहावं. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात प्रेषितांची कृत्ये १२:४ मध्ये हेरोद राजाच्या गोष्टीत ‘ईस्टर’ छापलंय. तिथे ग्रीकात ‘पास्खा’ आहे, म्हणून त्या प्रतीवरून मराठी करणाऱ्याने तिथे वल्हांडणच लिहावं.