जुन्या गेमिंग पीसीत आधी काय बदलावं: ग्राफिक्स कार्ड की प्रोसेसर-बोर्ड?

रामबागवाला
भाच्याचा पीसी २०१७ चा. आय५-७४०० प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १०६० चं ६ जीबी कार्ड, १०८०पी ६० हर्ट्झ मॉनिटर. कॉलेज सांभाळून खेळतो, बहुतेक एकट्याने खेळायचे, गोष्टीवाले गेम. इथे इंदुरात एका दुकानात दाखवला, तर डबा न उघडताच "सगळंच बदला" असा सल्ला मिळाला. मला तो पटत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आधी फक्त ग्राफिक्स कार्ड बदलावं, आरएक्स ६६०० सारखं ८ जीबीचं.

१०६० हे २०१६ चं कार्ड. एनव्हिडियाने त्या पिढीचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद केले. आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते अपडेट. त्यात रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या मोजायचं हार्डवेअर नाही. २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' त्याशिवाय चालतच नाही, सेटिंग कितीही खाली आणा. वेग कमी पडला तर माणूस भागवून घेतो, पण गेम सुरूच झाला नाही तर काय करणार?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कार्ड वाया जात नाही. दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला तर हेच काढून तिकडे लावता येतं. घरात एवढी रक्कम एकदम निघत नसेल, तर पुढच्या मशीनलाही उपयोगी पडेल तो भाग आधी घ्यावा.

सुदामानगर
दादा, ज्या गेमचं उदाहरण दिलंत त्याचीच किमान अट पूर्ण वाचा. कार्डाच्या वरच्या ओळीत ८ कोर, १६ थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं) प्रोसेसर मागितलाय. ७४०० ला चार कोर आणि थ्रेडही चारच. गेम उघडेल कदाचित, खेळवेल का?

भाच्याला सांगा, गर्दीच्या शहरात गाडी पळवायचा एखादा गेम लाव आणि कोपऱ्यात आकडे चालू ठेव. प्रोसेसर १०० टक्क्यांवर अडकलेला दिसेल आणि कार्ड साठ-सत्तरवर बसून. सेकंदाला सरासरी ५० फ्रेम दिसतात, वाटतं छान चाललंय. पण खाली फ्रेमटाइमची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेची रेघ बघा: चौकात वळलं की टोकदार उसळी, पुन्हा सपाट, पुन्हा उसळी. हाताला झटका बसतो तो तिथेच. प्रोसेसर वेळेवर काम देत नसेल तर नवं कार्डही वाट बघतच बसणार.

माझा क्रम उलटा. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि बी४५० किंवा बी५५० बोर्ड घ्या. सहा कोर, बारा थ्रेड. तुमची डीडीआर४ रॅम त्यातच लागते, आणि २०२५ अखेरपासून रॅमचे भाव ज्या प्रकारे चढलेत ते पाहता ही बचत छोटी नाही. सातव्या पिढीचा इंटेल विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेही यातच सुटतं.

जुनी_इंदूर
एसएमपीएसचं, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याचं नाव कोणीच घेत नाहीये! कॅबिनेटसोबत आलेला असेल तर बाजूचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असे किती तरी मिळतात. बारा गुणिले अठरा, म्हणजे कार्ड-प्रोसेसरच्या वाट्याला २१६ वॅट. ६६०० एकटं १३२ घेतं, प्रोसेसर ६५. उरलं काय? त्यात मे महिन्यात आपलं इंदूर चाळिशी ओलांडतं. शिवाय १०६० ला साधारण ६ पिनची तार पुरते, ६६०० ला ८ पिनची लागते. मोलेक्सचा (जुन्या चार पिनच्या वायरचा) जोड लावून ८ पिन करून देतात, तो कृपा करून घेऊ नका. चांगला ५५० वॅटचा, ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा) असलेला घ्या, मग काय ते भांडा.

खंडवा_रोड
मधला मार्ग आहे की. त्याच बोर्डात वापरलेला आय७-७७०० बसतो, थ्रेड आठ होतात. सिल्व्हर मॉलमध्ये विचारून बघा. फक्त आठव्या पिढीचा कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. सॉकेटचं नाव एलजीए ११५१ तेच, पण जुन्या बोर्डात तो चालत नाही.

सुदामानगर
भाऊ, ज्या बोर्डाला पुढे रस्ताच नाही त्यात आणखी पैसे का घालायचे? विंडोजचा प्रश्न तसाच राहतो.

तिलकनगरची_ताई
मला दोघांचंही पटत नाही. मुलगा कॉलेजात आहे, मॉनिटर साठचा आहे. १०६० वर एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारी सोय) चालतं, २०२२ पर्यंतचे कितीतरी सुंदर गेम मध्यम सेटिंगवर नीट चालतात. तेवढे तरी खेळून संपलेत का त्याचे? या वर्षी धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला आणि पैसे राखून ठेवा.

रामबागवाला
ताई, जुने गेम त्याचे बरेचसे खेळून झालेत, म्हणून तर विषय निघाला. जुनी_इंदूर, लेबल बघितलं: १२ व्होल्टला १७ अँपिअर. एसएमपीएस बदलणारच, तो खर्च कार्डासोबतच धरतो.

सुदामानगर, झटक्यांचं म्हणणं खरं आहे, पण ते गर्दीच्या खुल्या जगातल्या गेमना. हा खेळतो त्यात बहुतेक वेळ कार्डच ९९ टक्क्यांवर असतं. फ्रेम ४५ वर बांधून ठेवल्या तर चार थ्रेडलाही दम मिळतो.

सुदामानगर
मग अंदाज नको, चाचणी करा. तोच गेम, तीच जागा, रिझोल्यूशन फक्त १०८०पी वरून ७२०पी ला आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर अडवतोय, आणि मग ६६०० घेऊन फार फरक पडणार नाही. त्याला आवडणाऱ्या सगळ्या गेमवर करा, एकावर नको.

रामबागवाला
चाचणी करतो, पद्धत रास्त आहे. एखाद्या गेममध्ये प्रोसेसर अडला तरी माझा क्रम तोच राहील, कारण ड्रायव्हर कार्डाचे थांबलेत आणि रे ट्रेसिंग प्रोसेसर बदलून येणार नाही. स्वस्तात ६५०० एक्सटी सुचवणाऱ्यांना आत्ताच सांगतो, ते नको. त्याला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन, तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई बोर्डावर त्या निम्म्या वेगाने चालतात, आणि मेमरी ४ जीबी. ६६०० ला आठ लेन आहेत, तिथे नुकसान थोडंच होतं.