चारही रात्री नैनितालला नको

मे महिन्यात आईबाबा आणि मुलांना घेऊन चारही रात्री नैनितालला राहावं का, असं विचारलंय तुम्ही. मी म्हणेन, तीन रात्री जवळच्याच भीमताल किंवा नौकुचियाताल या तळ्यांकाठी काढा. सुट्टीत नैनितालच्या मॉल रोडवर फार गर्दी असते. पहाटे तल्लीताल ते मल्लीताल, म्हणजे तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला, तेवढं पुरे. भीमतालजवळची सातताल ही तळी मात्र अजिबात चुकवू नका. चहूबाजूंनी झाडी, पाणी गर्द हिरवं. नावेत सासूबाईंनी पाण्यात हात सोडला आणि काठ येईपर्यंत बाहेर काढलाच नाही. वाटेत काफल नावाची रानफळं मिळतात, लालबुंद, खरखरीत सालीची, आंबटगोड. मीठ लावून मुलांना नक्की द्या. काठगोदाम रेल्वे स्टेशनहून भीमताल जेमतेम २०-२२ किलोमीटर, पण सगळा घाट आहे. गाडी लागत असेल तर आवळासुपारी जवळ ठेवा.