पिरामिडेन: खाण बंद झाली, पण गावही का सुटलं?

प्रश्न
स्वालबार्ड या उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या बेटांवरचं पिरामिडेन हे रशियन खाणगाव १९९८ मध्ये ओस पडलं. खाण बंद झाली हे ठीक, पण पन्नासेक माणसंही मागे का राहिली नाहीत? आणि इमारती अजून उभ्या कशा?

प्रतिसाद १
हे गाव नुसत्या कोळशावर कधीच चाललं नाही. १९१० मध्ये स्वीडिश लोकांनी वसवलं, १९२७ मध्ये सोव्हिएत संघाने विकत घेतलं. १९४१ मध्ये युद्धामुळे रिकामं केलं आणि १९४६ पासून पुन्हा उभारलं. १९२० च्या स्वालबार्ड कराराने सही करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथे खाणकामाचा समान हक्क दिला. खाण चालू म्हणजे आपलं अस्तित्व टिकून, एवढ्यासाठी मॉस्को तोटा सोसत राहिलं. १९८० च्या दशकात वस्ती हजारावर होती; जलतरण तलाव, गोठा, भाजीची काचघरं, सगळं होतं. १९९१ नंतर तो पैसा आटला. कोळशाचे थर तुटक, काढायला महाग. त्यात १९९६ मध्ये स्वालबार्डला येणाऱ्या विमानाच्या अपघातात १४१ जण गेले, बहुतेक खाणकामगार आणि त्यांच्या घरचे. ३१ मार्च १९९८ ला शेवटचा कोळसा निघाला आणि १० ऑक्टोबरला शेवटचे रहिवासी गेले.

प्रतिसाद २
पन्नास माणसांचा मुद्दा उष्णतेवर अडतो. खाणीचा कोळसा वीजघरात, तिथली उष्णता नळांतून घराघरांत, अशी एकच साखळी. जमीन कायम गोठलेली असल्याने नळ पुरता येत नाहीत. ते जमिनीवरून, आवरण घातलेल्या लाकडी पेट्यांतून नेलेले आहेत. वीजघर थांबलं की आतलं पाणी गोठतं, सुमारे ९ टक्के फुगतं आणि नळ, रेडिएटर फोडतं. म्हणजे पन्नास जणांसाठीही वीजघर हवंच.

इमारती टिकल्या त्या थंड, कोरड्या हवेमुळे. लाकूड फार हळू कुजतं. खरा शत्रू उन्हाळ्यातलं वितळलेलं पाणी. ओढ्याचे बांध दरवर्षी दुरुस्त केले नाहीत तर पाणी गावात शिरतं आणि पाया खचवतं.

प्रतिसाद ३
याउलट उदाहरण जवळच आहे: नी-ऑलेसुंड, स्वालबार्डवरचंच नॉर्वेचं खाणगाव. ५ नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले आणि खाण कायमची बंद झाली. नॉर्वेचं सरकारही त्यावरून पडलं. पण ते गाव संशोधनाला दिलं, म्हणून दिवे विझले नाहीत. आपलं, म्हणजे भारताचं, ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून तिथेच आहे, त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. पिरामिडेनला १९९८ मध्ये असं दुसरं काम कुणी दिलं नाही. तिथलं हॉटेल पुन्हा उघडलं ते थेट २०१३ मध्ये.