मदत हवी आहे: तपासणी करायला डॉक्टरीणबाई तयार, लॅबचे पैसे कुठून आणू?

नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. आमच्या बचत गटात बावीस बायका, बहुतेक काजूच्या कारखान्यात नाहीतर घरकामाला जाणाऱ्या. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारात फुकट होते, पण दिवसाची मजुरी बुडवून कोण जाणार? आणि रांगेत वाड्यावरचीच कोणीतरी भेटते, "काय गो, तुला काय झालं?"

पोराच्या तापाला मात्र गावच्या डॉक्टरीणबाईंकडे चक्कर असतेच. त्या म्हणाल्या, "तिथेच पॅप करून टाकू, माझी फी नको." पॅप म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी काचपट्टीवर घेऊन तपासायच्या. पण ती काचपट्टी म्हापशाला लॅबमध्ये जाते, बाईमागे ४०० रुपये. गृह आधार म्हणून गृहिणींना सरकारकडून महिन्याला मिळणाऱ्या १५०० मधून ते कोणी काढत नाही. खरं सांगायचं तर मीही काढले नाहीत. सरकारी आरोग्य विम्याच्या दीनदयाळ कार्डाचं विचारलं, तर ते इस्पितळात दाखल झाल्यावरचं.

शिबिर नको. मागे एका संस्थेनं घेतलं होतं. बॅनर, फोटो, उपमा, सगळं झालं. माझ्या जावेचा रिपोर्ट आयोजकाच्या मोबाइलवर पडून राहिला, तिला गणपतीची चवथ उलटल्यावर कळलं की बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात परत दाखवायचं होतं. पुढे काही निघालं नाही, पण ते दिवस आम्ही कसे काढले!

कंपन्यांकडे मागितलं तर मिळतं का? अर्जात काय लिहू?

---

ताई, मी निवृत्त नर्स. सगळ्यांना पॅप कशाला? व्हीआयए करा. ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड कापसानं लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. लॅब नाही, उत्तर तिथल्या तिथे. सरकारी कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या बायकांना पाच वर्षांतून एकदा हीच तपासणी आहे. पाळी गेलेल्यांत तिचा भरवसा कमी, तेवढ्यांपुरते पॅपचे पैसे मागा. डॉक्टरीणबाईंनी आधी प्रशिक्षण घ्यायला हवं, डाग ओळखायला नजर बसावी लागते.

सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्या समाजकामाला देतात त्या पैशांत, आरोग्य बसतं, पण पैसे नोंदणीकृत संस्थेमार्फत येतात. तशी एखादी गाठा. लॅबचं बिल दोन हप्त्यांत लिहा: अर्धं नमुना पोचल्यावर, अर्धं रिपोर्ट त्या बाईच्या हातात पडल्यावर. डाग निघेल तिचं बांबोळीचं बसभाडं आणि बुडालेला दिवसाचा रोज वेगळा मांडा. तिथेच बायका गळतात.

---

रोजाचं डोक्यातच आलं नव्हतं! डॉक्टरीणबाई विचारतात, प्रशिक्षण किती दिवसांचं? दवाखाना दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवता येणार नाही म्हणतात.