तुमच्याकडे 'लाइन' म्हणजे काय? अनुभव सांगा

परवा आईशी फोनवर बोलत होते. ती म्हणाली, "लाइन गेलीये, मोटर बंद आहे. रेशनला ही मोठी लाइन. आणि धाकट्याची लाइन काही ठरत नाही बाई, आज सायन्स म्हणतो, उद्या कॉमर्स." तीन वाक्यांत तीन लाइनी. आईची शाळा चौथीपर्यंत झाली आहे आणि हा शब्द इंग्रजी आहे हे तिच्या गावीही नाही.

मग मूळ शोधलं. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. त्याच्या देठाच्या वाखाचा जो धागा, तो 'लिनेआ'. असा धागा ताणून सरळ रेघ आखायची, म्हणून धाग्याचीच रेघ झाली, पुढे रांग झाली, तार झाली. जवसाची चटणी खाताना हे कधी डोक्यात आलं नव्हतं! आपल्या 'सूत' शब्दानेही हीच वाट धरली आहे. भिंत सुतात असते, माणूस सुतासारखा सरळ होतो, आणि सुतार हा शब्द तर थेट 'सूत्रधार'वरून आला. इंचाचा आठवा भाग आपल्याकडे सूत, तर इंग्रजांकडे इंचाचा बारावा भाग लाइन. असा शब्द आपल्याकडे आला तेव्हा आपण त्याला ओळ, रांग, रेघ, दोरी यांच्या पंगतीत बसवून स्त्रीलिंगी करून टाकलं. आता ती लाइन, लाइनीत, लाइनीला.

अर्थांची यादी शब्दकोशात मिळेल, ती नको. तुमच्या कामात, घरात, गल्लीत हा शब्द कसा वापरला जातो, ते बारीकसारीक तपशिलासकट लिहा.

—

निवृत्त लाइनमन, सांगोला तालुका

ताई, तुमच्या आईचं पहिलं वाक्य मी ३१ वर्षं ऐकलं. "लाइन गेली, कधी येणार?"

आमच्यात लाइनवर असणं म्हणजे खांबावर असणं. ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन, एलटीची (घरांना जाणारी कमी दाबाची) लाइन, शेतीची वेगळी, गावठाणाची वेगळी. चढायच्या आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं, फीडर (सबस्टेशनातून निघणारी मुख्य लाइन) बंद केल्याची वेळ वहीत लिहायची, वर गेल्यावर आधी डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीशी जोडायच्या आणि मगच हात लावायचा. हे सगळं कागदावर सोपं आहे. रात्रीचा पाऊस, खाली पन्नास माणसं ताटकळलेली, उसाला पाणी द्यायची पाळी चुकतेय म्हणून आरडाओरडा. अशा घाईत रॉडचा कंटाळा करणारे मी पाहिलेत. त्यातला एक आता नाही.

एका रात्री परमिट माझ्या हातात, फीडर बंद. रॉड लावला आणि ठिणगी उडाली. गावात कुणीतरी लग्नघरासाठी जनरेटर चालू केला होता आणि चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर, एकच काय ते घराला जोडणारा) न बसवता तो सरळ घराच्या वायरिंगला जोडला होता. ती वीज उलटी आमच्या तारांत शिरली. रॉड आधी लावला म्हणून मी वाचलो.

वीज आली की पोरं ओरडतात, "लाइन आली रे!" सगळ्या गावाला आनंद होतो. खांबावर असताना तो ओरडा कानावर पडला की माझे हात गार पडायचे. माझ्या बायकोनं घरात हे शब्द कधी उच्चारले नाहीत. ती अजूनही "दिवे लागले" असंच म्हणते.

जनरेटर वापरणाऱ्यांनी कृपा करून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा.

—

परिचारिका, अतिदक्षता विभाग, पुणे

आमच्याकडे लाइन शिरेत असते, म्हणजे सलाइन-औषधाची नळी. "लाइन लावली का?", "लाइन आउट झाली", "दुसऱ्या हाताला बघ". जुलाबाने सुकलेल्या लहान बाळाची शीर सापडत नाही, तेव्हा "लाइन मिळत नाहीये" एवढंच वाक्य ऐकून सगळा वॉर्ड हातातलं काम टाकून जवळ येतो.

नवीन असताना कर्जतच्या एका काकांना मी घाईत सांगितलं, "काकूंना सेंट्रल लाइन टाकावी लागेल, सही करा." ते घाबरून म्हणाले, "म्हणजे मुंबईला हलवताय का?" त्यांच्या आयुष्यात सेंट्रल लाइन एकच, रोज ज्या लोकलने नोकरीला गेले ती. मी त्यांना बसवलं. मानेतल्या मोठ्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाजवळ नेतात, म्हणजे तीव्र औषधं हाताच्या लहान शिरा न जाळता जातात, असं सांगितलं. दोन मिनिटं लागली. तेव्हापासून नातेवाइकांसमोर मी 'लाइन' हा शब्द वापरतच नाही, 'नळी' म्हणते. शिकाऊ मुलींनाही तेच सांगते.

—

गवंड्याची मुलगी, सध्या नाशिक

सूत आणि लाइन एकच, हे वाचून बाबा डोळ्यांसमोर आले. त्यांच्या पिशवीत थापी, ओळंबा, काटकोन तपासायचा गुण्या आणि लाइनदोरी. तिला ते कुणाला हात लावू देत नसत, कारण तिला गाठ पडली की काम थांबतं.

लाइनआउटचा (घराच्या आखणीचा) दिवस म्हणजे सणच. मालक नारळ फोडणार, फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडणार, रिकाम्या जमिनीवर घर दिसायला लागणार. मी टेपचं दुसरं टोक धरायची. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला बाबा एका रेघेवर ३ फूट मोजत, दुसरीवर ४ फूट, आणि तिरकं माप बरोबर ५ फूट आलं की म्हणत, "गुण्यात आलं." पुढे शाळेत पायथागोरसचं प्रमेय शिकवलं तेव्हा मी बाईंना सांगितलं की हे आमच्या घरी आहे.

आणखी एक, जे पुस्तकात मला मिळालं नाही. वीट लाइनदोरीला टेकवायची नसते. मध्ये कागद जाईल एवढी फट ठेवायची. एक वीट जरी दोरीला टेकली तर ती दोरी बाहेर ढकलते, पुढच्या सगळ्या विटा त्या ढकललेल्या दोरीला धरून बसतात आणि भिंतीला पोट येतं. बाबा नवीन पोरांच्या मागे उभे राहून फक्त "दोरीला श्वास घेऊ दे" म्हणत.

—

(धागा काढणारी : लाइनमन काकांचं आईला वाचून दाखवलं. "आमच्या वायरमनला पाणी तरी कुणी विचारतं का गं," एवढंच बोलली ती. थांबवू नका, लिहीत राहा.)

—

मर्चंट नेव्ही, मूळ रत्नागिरी

जहाजावर दोर गोदामात गुंडाळून ठेवलेला असतो तोवर तो 'रोप'. कामाला लागला की 'लाइन'. धक्क्याला लागताना आधी हीव्हिंग लाइन फेकायची, म्हणजे टोकाला जड गाठ असलेला बारीक दोर. किनाऱ्यावरचे लोक तो ओढतात आणि त्याच्यामागून जाड दोर जातात. नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची हेडलाइन, मागची स्टर्नलाइन, मधल्या ब्रेस्टलाइन. ताणात असलेली लाइन तुटली तर चाबकासारखी उलटते, म्हणून तिच्या रेषेत उभं राहायचं नाही, हा पहिला धडा.

जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ दिसेल. ती लोडलाइन. त्या रेघेपेक्षा खोल बुडेल एवढा माल भरायचा नाही. सॅम्युअल प्लिम्सॉल नावाच्या ब्रिटिश खासदाराने हट्ट धरला आणि १८७६ साली तिथे तसा कायदा झाला. त्याआधी मालक विम्याच्या भरवशावर जहाजं ठासून भरत आणि खलाशी बुडत. मी प्रत्येक नव्या जहाजावर चढण्याआधी त्या रेघेकडे बघून घेतो.

मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. आजोबांचा मचवा होता. त्यावरच्या प्रत्येक दोराला आपलं नाव होतं. मला बावीस वर्षांत हेडलाइन, स्टर्नलाइन पाठ झाल्या, आजोबांची नावं मी विचारलीच नाहीत. कुणाच्या घरात अजून ती माणसं असतील तर आजच विचारून लिहून ठेवा.

—

उपसंपादक, छत्रपती संभाजीनगर

वरच्या दादांची हेडलाइन जहाज धरून ठेवते, आमची हेडलाइन पान धरून ठेवते! छपाईत लाइनोटाइप यंत्र आलं १८८६ साली. कळफलकावर अक्षरं दाबली की शिशाची अख्खी ओळ ओतून बाहेर पडायची, नावातच 'ओळ' आहे. आपल्या अक्षरांच्या डोक्यावरच्या शिरोरेषेलाही टाइप घडवणारे हेडलाइन म्हणतात.

डेडलाइनचा इतिहास मात्र वाचवत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथल्या युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक रेघ आखली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. हे कळल्यापासून मी "वेळ संपत आली" म्हणते.

—

पोलीस लाइनीतला मुलगा

पत्ता विचारला की आम्ही फक्त "लाइनीत" म्हणायचो. बैठी घरं, दोन खोल्या, समोर कवायतीचं मैदान. सैन्याच्या बराकींच्या रांगांना इंग्रज लाइन्स म्हणत, तिथून हे आलं. मुंबईचं मरीन लाइन्सही तसंच, मरीन बटालियनच्या बराकींवरून. गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या लाइनीत पुरुष दिसायचे नाहीत, सगळे बंदोबस्तावर. आरतीला झांजा बायका आणि पोरंच वाजवायची.

—

कोल्हापूर

'लाइन मारणे' कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. अकरावीत असताना एक मुलगा रोज सायकलवरून मागे यायचा. घरी सांगितलं तर सगळे हसले, "लाइन मारत असेल." दोन महिने मी वाट बदलून क्लासला गेले. या शब्दामुळे मला वाटणारी भीती कुणाला दिसलीच नाही. आता माझी मुलगी त्याच वयाची आहे. आमच्या घरात त्याला 'पाठलाग' म्हणतात, आणि पाठलाग म्हटलं की मोठी माणसं उठून उभी राहतात.

—

कबड्डी प्रशिक्षक, उपनगर

नियमपुस्तकात मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा असे छान मराठी शब्द आहेत. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस. पण पकड झाली आणि चढाईवाला मध्यरेषेकडे हात ताणतोय, तेव्हा सगळं मैदान "लाइन, लाइन!" ओरडतं. तीन अक्षरांत काम होतं.

—

स्टेशन मास्तर, कोकण

आमच्याकडे बहुतेक मार्ग एकेरी आहे. गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनला फोन करून लाइन क्लिअर मागायची. तिकडचा मास्तर खात्री करून लाइन क्लिअर आणि एक प्रायव्हेट नंबर (परवानगीची खूण म्हणून गुप्त आकडा) देतो, तो मी वहीत लिहितो, मग सिग्नल. क्रॉसिंगला गाडी थांबली की प्रवासी खिडकीतून मला बोल लावतात. पावसाळ्यात तर जास्तच, कारण तेव्हा गाड्यांचा वेगच कमी ठेवलेला असतो. त्यांना एवढंच सांगतो की समोरून येणारी गाडी याच लाइनीवर आहे, ती माझ्या स्टेशनात शिरली की तुम्ही निघणार. तेवढ्यात उतरून चहा घ्या, वडे गरम आहेत.