रिस्क कसली म्हणे!
वर कुणीतरी लिहिलंय की परदेशात बसून आपल्या भाषेत पेपर काढायला कसली आलीय रिस्क. येन डो यांचं बघा की. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉनमधले मुरलेले पत्रकार, १९७५ ला शहर कम्युनिस्टांच्या हाती पडल्यावर अमेरिकेत आले आणि १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात घरच्या गॅरेजमधून 'न्गुई व्हिएत' हा व्हिएतनामी पेपर सुरू केला, पुढे त्याचं दैनिक झालं. आणि भांडण कोणाशी, तर कम्युनिस्टांपासून पळून आलेल्या आपल्याच व्हिएतनामी लोकांशी! कम्युनिस्टांबद्दल जरा मवाळ वाटलं की झालं, १९८९ मध्ये पेपरची गाडीच जाळली. डो २००६ ला गेले, तरी २००८ मध्ये पाय धुवायच्या टबाच्या एका कलाकृतीचा फोटो छापला, रंग जुन्या दक्षिण व्हिएतनामच्या झेंड्याचे, तो झेंडा या लोकांना प्राणप्रिय, म्हणून ऑफिससमोर निदर्शनं आणि दोन संपादकांची नोकरी गेली. कलाकार बाईंनी खरं तर नेल सलूनमध्ये राबणाऱ्या सासूसाठी ते केलेलं, पण ऐकतंय कोण.