क्राफ्टच्या खोलीसाठी जुनं फर्निचर: कशात काय ठेवावं?

सुईदोरा:
खोली १० बाय १० फूट. हाताशी तीन जुन्या वस्तू आहेत: सहा खणांचं सागवानी कपाट, छापखान्यातली खिळ्यांची (छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांची) कप्प्याकप्प्यांची लाकडी केस आणि जेवणाचं टेबल. सामान म्हणजे कार्डस्टॉक (जाड कागद), मणी, भरतकामाचे दोरे, शिक्के. खण अडकतात, आतून डांबरगोळ्यांचा वास येतो. सुरुवात कुठून करावी?

रंधा:
आधी भुंगा आहे का ते बघा. कपाटाखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. त्यावर ताजी पिवळसर पूड पडली तर कीड जिवंत आहे. तिचा बंदोबस्त होईपर्यंत कपाट खोलीत नेऊच नका.

अडकणाऱ्या खणांना लगेच रंधा मारू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं. तेव्हा तासलेला खण उन्हाळ्यात खुळखुळतो. खण बाहेर काढून तिरप्या उजेडात कडा बघा, घासून चकाकणाऱ्या जागा दिसतील. तिथे आणि खालच्या पट्ट्यांवर पांढरी मेणबत्ती घासली की बहुतेक वेळा काम होतं. तेल अजिबात नको, ते लाकडात मुरतं आणि कागदाला डाग पाडतं.

वासासाठी खण सावलीत, वाऱ्यावर काही दिवस उघडे ठेवा. कडक उन्हात तळाचा प्लाय वाकतो. मग आतून चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशचे दोन पातळ हात द्या. चपडा वास कोंडून ठेवतो. ऑइलपेंट नको, त्याचाच वास कितीतरी दिवस जात नाही.

कागदकाम:
कार्डस्टॉकचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही. २५० जीएसएमचा (चौरस मीटरला २५० ग्रॅम) ए४ कागद साधारण १५-१६ ग्रॅमचा, म्हणजे ५०० कागद पावणेआठ किलो. जुन्या खणाचा तळ बहुधा ४ मिमी प्लायचा असतो, तो मधोमध झोळ घेतो आणि खोबणीतून सुटतो. खालून मधोमध आडवी पट्टी फेव्हिकॉलने चिकटवा, रात्रभर दाबून ठेवा. कागद सगळ्यात खालच्या दोन खणांत, दोरे आणि शिक्के वर. १२ इंची कागद असेल तर खण आतून निदान ३१ सेंमी रुंद हवा, ते मोजूनच घ्या. तळाला रद्दी पेपर अंथरू नका. त्यातलं आम्ल चांगल्या कागदावर उतरतं आणि कडा पिवळ्या पडतात.

आणि कपाट वरून एल-अँगलने भिंतीला आवळा. दोन भरलेले खण एकदम ओढले की ते पुढे झुकतं. हे टाळू नका.

रंधा:
टेबलाची उंची राहिली. जेवणाचं टेबल ७५ सेंमीच्या आसपास असतं, बसून भरतकामाला ठीक. उभ्याने कापाकापी करायची तर ९० सेंमी हवी. पायांखाली लाकडी ठोकळे द्या, पण वर खळगा कोरून, नाहीतर पाय घसरतो.

सुईदोरा:
खिळ्यांच्या केसमध्ये मणी तसेच ओतले तर चालतील ना?

कागदकाम:
तसेच नको. छपाईचे खिळे शिसं, अँटिमनी आणि कथिलाच्या मिश्रधातूचे असतात. वर्षानुवर्षं घासून निघालेली शिशाची विषारी राखाडी धूळ कोपऱ्याकोपऱ्यात बसलेली असते. कोरड्या ब्रशने झाडली की ती हवेत उडते, घरचा व्हॅक्यूम क्लीनरही ती मागच्या बाजूने बाहेर फेकतो. हातमोजे आणि बारीक धुळीचा मास्क घाला. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने एकेक कप्पा पुसा, फडकं मळलं की बदला. फडकं राखाडी होणं थांबेपर्यंत पुसत राहा आणि वापरलेली फडकी पिशवीत बांधून टाका. पॉलिश पेपर मारू नका. नीट वाळली की चपड्याचा हात द्या, म्हणजे उरलंसुरलं लाकडातच राहील.

तरीही मणी थेट कप्प्यात नकोत, छोट्या झाकणाच्या डब्यांत घालून ठेवा. केस उथळ असते, धक्का लागला की बारीक मणी शेजारच्या कप्प्यात उड्या मारतात. लहान मुलं खोलीत येत असतील तर केसमध्ये काहीच ठेवू नका, ती भिंतीवर उंच टांगा.